शिरायची गाडी, चढायची गाडी आणि बसायची गाडी : कंबर धरलेल्यांसाठी खरेदीची वाट

कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकल्याचं मला एमआरआयने सांगितलं, पण गाडी बदलायला हवी हे सांगितलं दवाखान्याच्या वॉचमनने. रिपोर्टचं पाकीट मांडीवर घेऊन मी माझ्या बसक्या छोट्या गाडीतून बाहेर यायचा प्रयत्न करत होतो. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा दाराच्या चौकटीवर, एक पाय बाहेर, एक आत. मिनिटभर तसाच. वॉचमन धावत आला. "दार अडकलंय का साहेब?" म्हटलं, दार नाही रे, मीच अडकलोय.

नंतर फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने एक वाक्य टाकलं, "काका, तुम्ही गाडीत बसत नाही, शिरता." त्या वाक्यावर मी पुढचे तीन महिने गाड्या पाहिल्या. काही गाड्यांत वाकून शिरावं लागतं. काहींत पाय उचलून चढावं लागतं. आणि काही मोजक्या गाड्यांत खुर्चीत बसावं तसं नुसतं बूड टेकवता येतं. आपल्याला हवी ती तिसरी. बजेट पाच ते आठ लाखांचं असो की जुन्या बाजारातलं दोन-तीन लाखांचं, ती सापडते. फक्त शोधायची पद्धत नेहमीची नाही.

पहिल्यांदा दुखण्याची ओळख

शोरूममध्ये जाण्याआधी घरी बसून एका कागदावर लिहा : नेमकं कधी दुखतं? वाकताना? अर्धा तास एका जागी बसल्यावर? धक्का बसला की? की पायात कळ जाते, आणि जाते तर कोणत्या पायात? वाकताना दुखणाऱ्याला उंच छप्पर आणि उंच सीट लागते. बसून दुखणाऱ्याला सीटचा आकार महत्त्वाचा. धक्क्याने दुखणाऱ्याने टायरपासून सुरुवात करावी. डाव्या पायाची सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, असेल तर क्लच हा तुमचा शत्रू; उजव्या पायाची असेल तर ऑटोमॅटिक घेऊनही ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचं काम त्याच पायाला करायचं आहे, त्यामुळे 'ऑटोमॅटिक घेतली की सुटलो' असं होत नाही.

पाय बधिर पडत असेल, मांड्यांच्या आतल्या भागाला स्पर्श कळत नसेल, लघवीवरचा ताबा जात असेल तर गाडीचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ऑपरेशन झालेलं असेल तर गाडी कधी चालवायची हे सर्जनला विचारून ठरवा, शेजाऱ्याला विचारून नाही.

टेप खिशात घ्या

सुताराकडचा स्टीलचा टेप घ्या, तीन मीटरचा पुरतो. ब्रोशरमध्ये गाडीची लांबी-रुंदी-उंची असते, ग्राउंड क्लिअरन्स असतो, पण आपल्याला हवा तो आकडा, म्हणजे जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची, कुठेच छापलेला नसतो. सेल्समनला विचारलंत तर तो ग्राउंड क्लिअरन्स सांगेल. त्या दोन गोष्टींचा संबंध फार थोडा. गाडीचं पोट जमिनीपासून उंच असूनही आतली सीट फरशीला चिकटलेली असू शकते.

जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. आपण बसल्यावर गादी दोन-तीन सेंटिमीटर दबते, तेही धरा. मध्यम उंचीच्या माणसाला साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर सोयीचं पडतं. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते, मग गाडीची जास्त का, असं मलाही वाटलं होतं. कारण खुर्चीवरून उठताना पाय बुडाच्या खाली घेता येतात, पुढे झुकता येतं. गाडीत पाय आधी बाजूला काढावे लागतात, मध्ये उंबरा असतो, डोक्यावर चौकट असते. तेवढी भरपाई उंचीने करावी लागते. टेप नसेल तर गाडीकडे पाठ करून उभे राहा. सीटची कड गुडघ्याच्या चांगली वर आणि मांडीच्या मध्याच्या खाली लागली पाहिजे. गुडघ्याला लागली तर ती शिरायची गाडी. कुल्ल्याला लागली तर चढायची.

चढायच्या गाडीबद्दल दोन शब्द, कारण पाठदुखीवाल्याला प्रत्येक नातेवाईक "मोठी एसयूव्ही घे" असंच सांगतो. चढताना सगळा भार एका पायावर येतो आणि कंबर पिळली जाते. उतरताना तर पाय जमिनीला लागण्याआधीच शरीर घसरतं आणि शेवटचे चार इंच आपण आदळतो. आमच्या सासूबाई नेसतात नऊवारी. एका पाहुण्यांच्या उंच गाडीत त्यांना दोघांनी उचलून बसवलं होतं, आणि त्यानंतर त्या गाडीतून कुठे जायचं म्हटलं की त्यांचा उपवास तरी असतो नाही तर पाहुणे येणार असतात.

दुसरं माप उंबऱ्याचं. दाराखालची पट्टी किती रुंद आणि किती उंच आहे ते बघा. सीटची कड उंबऱ्यापासून आत खोल असेल तर बूड टेकवताना मागे झुकावं लागतं, आणि तिथेच चमक भरते. तिसरं माप सीटपासून दाराच्या वरच्या चौकटीपर्यंतचं. पुढची काच फार तिरकी असलेल्या गाड्यांत चौकटीचा पुढचा खांब डोक्याच्या वाटेत येतो आणि मान वाकडी करून आत जावं लागतं. अशा गाड्या रस्त्यावर देखण्या दिसतात.

दहा वेळा बसा, दहा वेळा उठा

एकदा बसून "छान आहे" म्हणणं म्हणजे काहीच न पाहणं. शोरूममध्ये सलग दहा वेळा बसा-उठा करा. सेल्समन हसला तर हसू दे. पहिल्या तीन वेळा सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. सातव्या-आठव्या वेळी कंबर खरं बोलते. शक्यतो संध्याकाळी जा, दिवसभराचं दुखणं अंगात असताना. सकाळी व्यायाम करून, गोळी घेऊन गेलात तर गाडीची नाही, गोळीची परीक्षा होईल.

बसण्याची रीत अशी : गाडीकडे पाठ करायची, एक हात सीटच्या पाठीवर, दुसरा दाराच्या चौकटीवर किंवा डॅशबोर्डवर, आधी बूड टेकवायचं, मग दोन्ही गुडघे जुळवून पाय एकदम आत घ्यायचे. उघड्या दारावर भार टाकायचा नाही, ते हलतं. उतरताना उलट क्रम : दोन्ही पाय बाहेर, जमिनीला टेकले की मगच उठायचं. ज्या गाडीत ही रीत अडखळत नाही ती गाडी यादीत ठेवा. स्टिअरिंगखालून गुडघे निघत नसतील, सीटच्या कडा बादलीसारख्या वर आलेल्या असतील, तर रीत अडखळते.

दार किती उघडतं हेही इथेच कळतं. टाटाच्या पंच आणि अल्ट्रोझची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, आणि मोकळ्या जागेत तो फरक खरोखर सुखाचा आहे. पण तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची गाडी दोन फुटांवर उभी असेल तर ९० अंशांचं दार तिथे ३० अंशच उघडणार. आमच्याकडे यावर उपाय साधा आहे : दुखणारा माणूस बाहेर उभा राहतो, दुसरा गाडी बाहेर काढतो. एकटे राहत असाल तर घरच्या पार्किंगचं मापही टेपने घेऊन जा.

आणि डाव्या सीटवर बसायला विसरू नका. बहुतेक स्वस्त गाड्यांत सीट वर-खाली करायची सोय फक्त ड्रायव्हरला असते. दुखणं आईचं किंवा बायकोचं असेल तर ड्रायव्हर सीटची परीक्षा घेऊन उपयोग नाही. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते, खड्ड्याचा दणका तिथे जास्त लागतो. त्यामुळे दुखणाऱ्या माणसाला मानाने मागे बसवण्याची आपली पद्धत इथे सोडलेली बरी.

सीट, आणि वरच्या मॉडेलचा पेच

सीटची गादी खोल खड्ड्यासारखी नको. गुडघे कुल्ल्याच्या पातळीत किंवा किंचित खाली राहिले पाहिजेत. पाठ अगदी काटकोनात नको, थोडी मागे, पण इतकीही नको की स्टिअरिंग धरायला खांदे सुटतील. कंबरेच्या पोकळीला आधार देणारी फिरकी या किमतीच्या गाड्यांत सहसा मिळत नाही. तिची चिंता करू नका. घडी करून गुंडाळलेला पंचा तेच काम करतो, आणि जाडी आपल्या हातात राहते. मी सोलापुरी टॉवेल वापरतो.

सीट वर-खाली करायची सोय मात्र सोडू नका. स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर उत्तम. आणि इथे एक पेच आहे. ही सोय सहसा मधल्या किंवा वरच्या मॉडेलमध्ये मिळते, आणि वरच्या मॉडेलला कंपनी मोठी अलॉय चाकं आणि बारीक टायर लावते. टायरवरचा आकडा वाचायला शिका. १८५/६५ आर १५ म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि त्याची रबरी भिंत रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर उंच; शेवटचा १५ म्हणजे चाकाची रिम १५ इंची. १९५/५५ आर १६ असेल तर भिंत सुमारे १०७ मिलिमीटर. या १३ मिलिमीटर रबरात तुमच्या मणक्याला लागणारे बरेच बारीक दणके जिरतात. म्हणून सीटची सोय असलेलं, पण चाकं लहान असलेलं मधलं मॉडेल शोधायचं. सनरूफकडे बघू नका. वर बघून मानही दुखते.

टेस्ट ड्राइव्हची गाडी नेहमी सगळ्यात वरचं मॉडेल असते. तुम्ही घेणार असलेल्या मॉडेलमध्ये बसून बघायचा आग्रह धरा, ते स्टॉकयार्डात असलं तरी.

क्लच

क्लच पूर्ण दाबताना पाय सरळ होतो आणि सायटिकाची नस ताणली जाते. गर्दीत हे शे-दोनशे वेळा होतं. मॅन्युअल घेणार असाल तर सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळाशी गेल्यावरही गुडघा वाकलेलाच राहील; तसं करताना स्टिअरिंग पोटाला लागत असेल तर ती गाडी तुमच्या अंगाची नाही.

स्वस्तातला पर्याय एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअरचं काम यंत्राने करणारं ऑटोमॅटिक. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने तो आपल्याकडे सामान्यांच्या आवाक्यात आणला. मॅन्युअलपेक्षा साधारण अर्धा लाख जास्त पडतात. क्लचचं पेडल जातं, पण गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास घेते आणि मान पुढे डुलते. धक्क्याने दुखणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. मी साताऱ्यात राहतो, त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह यवतेश्वरच्या घाटात नेली. चढ, वळण, पुढे एसटी, मागे कासला निघालेले पर्यटक. सपाट रस्त्यावर गुणी वाटलेल्या एका गाडीने तिथे तीन वेळा मान डोलावली. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारचं ऑटोमॅटिक जास्त मऊ, पण पैसे जास्त. इलेक्ट्रिक गाडीत गिअरचा प्रश्नच नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने टियागो ईव्हीसारखी गाडी एकदा चालवून पाहावी, बसायला ती जरा खाली आहे हे लक्षात ठेवून.

टेस्ट ड्राइव्ह अर्ध्या तासाची तरी हवी आणि रस्ता तुमचा हवा. शोरूमवाल्याचा रस्ता नेहमी गुळगुळीत असतो. गतिरोधकाचं सरकारी माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं आहे. असा गतिरोधक तुमच्या गावात असेल तर तुमचं अभिनंदन. बाकीच्यांनी गल्लीतल्या पाइपच्या उंचवट्यावरून गाडी न्यावी.

डिकी आणि स्टेपनी

पाठदुखी असलेला माणूस गाडीत बसतो दोनदा, पण डिकीत वाकतो चारदा. डिकीची कड किती उंच आहे आणि आत किती खोल आहे ते बघा. तळ खोल असेल तर भाजीची पिशवीसुद्धा वाकून उपसावी लागते. त्यात जाड फोमचा ठोकळा टाकून तळ वर आणता येतो. सीएनजी घ्यायची असेल तर टाकी कुठे आहे आणि स्टेपनी कुठे गेली हे दाखवायला सांगा. टाकीमागे उभी ठोकलेली स्टेपनी काढणं धडधाकट माणसालाही जड जातं. टाटाच्या दोन टाक्यांच्या रचनेत टाक्या तळाशी जातात आणि वर जागा राहते. तशीही आपण स्टेपनी बदलायची नाहीच. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, एवढं गाडीत ठेवा.

मग बघायच्या कोणत्या?

गाडीची उंची म्हणजे सीटची उंची नव्हे, तरी पहिली चाळण तिनेच लावावी. ऑल्टो के१० १५२० मिलिमीटर उंच आहे, स्विफ्टही तेवढीच, बलेनो १५००. वॅगनआर १६७५, एक्स्टर १६३१, पंच १६१५. वॅगनआर आपल्याकडे १९९९ मध्ये आली तेव्हा लोक तिला डबा म्हणाले, आणि आजही म्हणतात. पण बूड टेकवून बसायचं असेल तर या डब्यासारखी सोय कमी पैशांत दुसरी नाही, असं माझं मत. तिच्यासाठी मारुतीने बाहेरच्या बाजूला फिरणारी सीटही आणली आहे, ती नंतर बसवून घेता येते. दुखणं जास्त असेल तर तुमच्या शहरात ती मिळते का, एवढं विचारा.

पंच आणि एक्स्टर या दोन्ही चढण्याच्या सीमेवर आहेत. साडेपाच फुटांच्या माणसाला बसायच्या गाड्या, पाच फुटांच्या बाईला थोड्या चढायच्या. इग्निस शहरात सोयीची. सिट्रोएनची सी३ खड्ड्यांत मऊ चालते, पण सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का ते आधी बघा. ट्रायबरची उंची चांगली, तिसऱ्या रांगेत मात्र पाठदुखीवाल्याने पाऊल टाकू नये. ईकोची मागची दारं सरकती आहेत म्हणून मला मोह झाला होता. पण पुढच्या सीटखाली इंजिन आहे, त्यामुळे तिथे चढावंच लागतं.

जुन्या बाजारात रिट्झ (२००९ ते २०१७) आणि जॅझ या दोन गाड्या पाठीच्या दृष्टीने बघण्यासारख्या आहेत. नवी सँट्रो (२०१८ ते २०२२) सुद्धा. जुनी गाडी बघताना बॉनेटचा एकेक कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक, डुलत राहिला तर शॉकअप गेलेत. सीट बसकी झाली असेल तर मात्र घाबरू नका. चांगला सीट कारागीर दिवसभरात गादी भरून देतो, हवी तर दोन सेंटिमीटर उंचही करून देतो. नव्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग असेल तर शिलाई आणि कव्हर एअरबॅगला चालेल असंच हवं, हे कारागिराला आधी सांगा. कागदांचं नेहमीचंच : आरसीवर बँकेचा बोजा आहे का, विमा, पीयूसी, ट्रान्सफरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. बोजा असेल तर ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं ना-हरकत पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नवी घेणाऱ्यांसाठी पैशांची बाजू थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहन कर, वर विमा. म्हणून एक्स-शोरूम किमतीवर बजेट ठरवू नका. ॲक्सेसरीजच्या पाकिटातून पैसे वाचवा आणि ते एएमटीकडे वळवा.

गाडी दारात आल्यावर

पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या दारालगतच्या पट्टीवरचा स्टिकर वाचा आणि टायरमध्ये तेवढीच हवा ठेवा. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने जास्त भरतो, आणि तो जास्तीचा प्रत्येक पौंड तुमच्या कंबरेत उतरतो. मखमली कापडाचं सीट कव्हर घेऊ नका, त्यावर अंग फिरत नाही, रेक्झिनवर फिरतं. माझी बायको कापडी सीटवर साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी ठेवते, तिच्यावर बसून गर्रकन आत वळते, आणि पिशवी काढून दाराच्या कप्प्यात ठेवते. पिशवी काढायची विसरू नका, ब्रेक लागला की माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. पाऊण तासाने थांबा, उतरा, दोन मिनिटं चाला.

मागच्या खिशातलं पाकीटही काढून ठेवा, त्याने एक कुल्ला वर राहतो आणि मणका तासभर तिरका.

शेवटी एक बारीक गोष्ट. सीट एकदा मनासारखी लागली की ती कितव्या खाचेवर आहे ते मोजून ठेवा. माझी मागून सातवी, आणि पाठ पुढून चौथी. गाडी सर्व्हिसिंगहून किंवा धुऊन परत आली की कुणीतरी सीट पार मागे ढकललेली असते, आणि अंदाजाने लावलेली सीट घरी पोचेपर्यंत कळत नाही. मी सीटच्या रुळाशेजारी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. मुलीची बाटली होती, तिला अजून सापडलेली नाही.